बांधावर बसून खायचं

टेंभुर्णीच्या शिवारात गोजरबाईला "हे होणार नाही" असं सांगायची चूक शहाणा माणूस एकदाच करायचा. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून सगळं वावर पालथं घातलं आणि इथे पाणी नाही असं सांगितलं, तेव्हा बाईने त्याला चहा पाजला, वाटेला लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "नारळाला काय कळतंय? चिंचेखाली खंदा." पाणी लागलं. ते नशिबाने लागलं की बाईच्या धाकाने, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

एकुलता एक पोरगा साहेबराव. सातवी झाली की त्याने औत धरावं असं सासऱ्याचं म्हणणं. बाईने पोराची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, एसटीने भोकरदन गाठलं, पोराला तिथल्या वसतिगृहात ठेवलं आणि परत येऊन सासऱ्याला नेहमीसारखं जेवायला वाढलं. सासरा दोन दिवस बोलला नाही. मग त्यानेच विचारलं, "पोरगं रडलं का गं?"

"पोरगं न्हाई रडलं," ती म्हणाली, "म्या रडले, एसटीत."

पोरगा शिकला, इंजिनिअर झाला, जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात लागला. त्या कारखान्यातली मोठी यंत्रं जर्मनीहून यायची. ती बसवायला आलेल्या साहेबांना साहेबरावाचं काम पसंत पडलं आणि त्यांनी त्याला तिकडेच बोलावून घेतलं. बायको उमा औरंगाबादची, शिकलेली, गोड बोलणारी. त्यांची मुलगी तारा तिकडेच शाळेत जायला लागली. इकडे शेतातल्या घरात गोजरबाई आणि तिचा नवरा रामकिसन, दोन बैल, एक म्हैस आणि चिंचेखालची विहीर. रामकिसन गरीब स्वभावाचा माणूस. बायकोशी भांडायचं त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं आणि त्यामुळे सुखात होता. तो एका दुपारी बाजेवर निजला तो उठला नाही.

माणूस गेल्यावर बाई खचली नाही असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. ती चांगली खचली. पण खचून बसायला म्हैस देत नाही. धारेची वेळ झाली की ती हंबरते, आणि मग उठावंच लागतं. बाई अशी उठली ती उठलीच. मात्र पुढच्या पावसाळ्यात विहिरीच्या शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि डावा हात मोडला. उठता येईना. सरपटत ती गोठ्याच्या दारापर्यंत आली आणि रात्रभर तिथेच पडून होती. तिचा चुलत दीर कडूबा, ज्याच्या वावराला हिचा बांध लागून, तो सकाळी दुधाला आला तेव्हा कुठे कळलं.

साहेबरावाला हे फोनवर समजलं आणि त्याची झोप उडाली. पुढची गोष्ट सरळ होती. औरंगाबादला त्याने फ्लॅट घेतला. खालच्याच मजल्यावर उमाचे आईवडील राहतात, लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. शेत कडूबाकाकाला बटईने कसायला द्यायचं, म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीपासून मायने फ्लॅटमध्ये राहायचं. त्याआधी तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीला जर्मनीला यायचं, नातीजवळ राहायचं, म्हणजे तिलाही सवय होईल.

"कशाची सवय?" बाईने फोनवर विचारलं.

"वावराबाहेर राह्यची, माय."

बाई "बघू" म्हणाली. गोजरबाईचं "बघू" म्हणजे काय हे साहेबरावाने विसरायला नको होतं, पण माणूस फार दिवस परदेशात राहिला की असल्या महत्त्वाच्या गोष्टी विसरतो. ती पेरणी उरकून गेली. म्हैस आणि बैल कडूबाच्या दावणीला बांधले. सामानात ज्वारीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एक पक्का विचार होता. तीन महिन्यांत लेकाला पटवून परत आपल्या वावरात यायचं, आणि तेही भांडून नाही, त्याच्या तोंडून "जा माय" असं ऐकून. भांडून तर ती केव्हाही आली असती. पण लेक एकच होता.

तिकडचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाईला खिडकीतून समोरची खिडकी दिसे. पहिला महिना तिने फ्लॅटमध्ये काढला आणि औरंगाबादच्या फ्लॅटमध्ये काय वाढून ठेवलंय ते तिला समजलं. साहेबरावाला ते दिसत नव्हतं असं नाही. आई सुकत चालली म्हणून त्याने ऑगस्टमध्ये सुट्टी काढली आणि जाहीर केलं, "चला, आपण आठवडाभर बाहेर राहायला जाऊ. तंबूत."

गाडीने तीन तास जाऊन ते एका शेतावर पोचले. टेकडीच्या कुशीत मोठं कौलारू घर, शेजारी गोठा, खाली उतरत गेलेलं गवताचं मैदान आणि त्यावर तंबूच तंबू. काही लोकांनी तर गाडीला जोडून चाकांवरची घरंच आणली होती. पोरं उघडी-वाघडी पळत होती, शेळ्यांना पाला खाऊ घालत होती, झोक्यावर लोंबकळत होती. साहेबराव घाम गाळत तंबूचे खुंट ठोकायला लागला. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे कुनाचं वावर हाय?"

"एका बाईचं. हेडविग नाव आहे तिचं. लोक पैसे देऊन इथे राहतात."

"पैशे देऊन? वावरात झोपायला?" बाई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अरे लेका, इमानात बसवून, सात समिंदर पार करून आनलंस, अन् शेवटी वावरातच निजवून राह्यलास मला! मंग टेंभुर्णीत काय वाईट व्हतं?"

उमाही हसली. साहेबराव हसला नाही. त्याने खुंटाऐवजी बोटावर हातोडी मारून घेतली होती.

बाईला ती जागा पहिल्या संध्याकाळीच आवडली, आणि आवडली हे तिने लपवलं नाही. पायाखाली माती होती. नाकात शेणाचा वास होता. एक गोष्ट मात्र तिच्या घशाखाली उतरेना. जेवणं झाली की सगळे आपापली ताटं-वाट्या घेऊन एका छपराखाली जात आणि तिथे ओळीने लावलेल्या नळांखाली ज्याचं त्याने धुवायचं. त्यात पोट सुटलेले, चष्मेवाले, टकलू असे चांगले कर्ते पुरुष असायचे. आणि त्या रांगेत उभा राहून, खांद्यावर फडकं टाकून, तिचा इंजिनिअर लेक भांडी घासत होता. टेंभुर्णीत पाव्हण्याने ताट उचललं तर यजमानाने वर्षभर तोंड दाखवू नये.

"तुझा बाप पानी पिऊन तांब्या बी जागंवरच ठिवायचा," ती लेकाला म्हणाली.

"मग मी घासतो ते तू वाईट म्हणतेस का चांगलं, माय?"

बाईने थोडा विचार केला. "वाईट म्हनाले व्हते म्या आधी. आता चांगलं म्हनून राह्यले. तेवढा तवा बी घास."

खाण्याचे हाल मात्र होते. श्रावण चालू होता, आणि संध्याकाळी सगळं मैदान भाजलेल्या मांसाच्या वासाने भरून जायचं. सकाळी पाव यायचे. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायचं आणि सकाळी कागदी पिशवीतून गरम, टणक कवचाचे पाव आणायचे. ते बाईला आवडले. त्यावर ठेचा लावून तिने तीन खाल्ले. उमाने छोट्या गॅसवर तव्याची सोय करून दिली आणि बाई तंबूच्या दारात बसून भाकरी थापायला लागली, तेव्हा थप-थप आवाज ऐकून आजूबाजूची पोरं गोळा झाली. एका संध्याकाळी हेडविगने मैदानाच्या कडेला दगडांच्या गोलात जाळ केला आणि पोरांना कणीक वाटली. ती काठीला गुंडाळायची आणि निखाऱ्यावर भाजून खायची. बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं, असं ते प्रकरण होतं, पण पोरं आनंदाने खात होती. बाईने ताराच्या काठीवरची कणीक उतरवून घेतली, हातावर थापली आणि निखाऱ्याच्या कडेला राखेत सारली. थोड्या वेळाने झटकून दिली ती फुगलेली, खरपूस. हेडविगने लांबून पाहिलं. ती उंच, रुंद खांद्यांची, सत्तरीच्या आतबाहेरची बाई. रबरी बूट, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर हसू कमी. तिने नुसती मान हलवली. बाईनेही हलवली.

सगळं असं झकास चाललेलं असताना मक्याचं प्रकरण झालं.

मैदानाच्या खालच्या अंगाला मक्याचं शेत होतं. पुरुषभर उंच, काळंभोर, कणसं लागलेली. दुपारी साहेबराव आणि उमा तंबूत आडवे झाले होते. बाई ताराला घेऊन त्या बाजूला फिरायला गेली. मका बघून तिचे हात शिवशिवले. तिने एक कणीस नखाने सोलून पाहिलं. दूध भरलेलं, अगदी कोवळं. मग तिने जे केलं ते जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईने केलं असतं. दोन कणसं मोडली, बांधावर फतकल मारून बसली, एक नातीला दिलं, एक स्वतः घेतलं.

इथे रीत सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणारा बाईला चोर समजेल, आणि ते मला खपणार नाही. आमच्याकडे वाटसरूला भूक लागली तर तो कुणाच्याही वावरात शिरून हरभऱ्याचे घाटे खातो, हुरड्याचं कणीस मोडतो, ऊस खातो. बांधावर बसून खाल्लं तर ती चोरी नाही. मालक आलाच तर तो उलट म्हणतो, खा, आणखी घ्या. पण एक दाणा जरी ओटीत बांधून उचलून नेला, तर ती चोरी. मग मालक चाबूक घेऊन मागे लागला तरी गाव मालकाच्या बाजूने. खायचं ते बसून, तिथेच, मालकाला दिसेल असं. लपून खाणं हीसुद्धा अर्धी चोरीच.

म्हणून हेडविग लांबून येताना दिसली तेव्हा गोजरबाई उठली नाही, दडली नाही. उलट तिने तिसरं कणीस मोडलं, सोललं, तिच्यापुढे धरलं आणि हसून म्हणाली, "या बाई, बसा, खा."

हेडविगच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कणसाकडे बोट, शेताकडे बोट, कडेच्या पाटीकडे बोट. आवाज असा की वरच्या तंबूतून माणसं बाहेर आली. तारा घाबरली आणि म्हणाली, "आजी, ती म्हणते हे गाईंचं आहे. आत जायचं नाही असं लिहिलंय." साहेबराव चप्पल न घालता पळत आला. त्याने हात जोडले, मान खाली घातली, काय काय बोलला. हेडविग कणीस त्याच्या हातात कोंबून निघून गेली. सगळं मैदान बघत होतं.

"माय, तू चोरी केलीस," तो दबक्या आवाजात म्हणाला.

बाई उठली. तिने सगळ्यांच्या देखत पदर झटकला, ओटी उलटी करून दाखवली. "हाय का एक तरी दाना? बघ. चोरी म्हनतोस? बांधावर बसून खाल्लंय म्या. तुला बी खाऊ घातलंय बांधाबांधावर, तवा चोरी न्हवती का?"

"इथे ती रीत नाही. इथे विचारावं लागतं."

"मंग तसं सांगायचं."

"सगळं कसं सांगणार, माय? क्षणभर डोळा लागला माझा. म्हणूनच मी म्हणतो," आणि हे तो रागात म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला वाईटही वाटलं, पण शब्द गेला तो गेला, "म्हणूनच मी म्हणतो, तुला एकटीला सोडता येत नाही."

बाई तंबूत जाऊन कापडाकडे तोंड करून निजली. चोर म्हटल्याचं तिला लागलं होतंच, पण त्याहून जास्त लागलं होतं ते हे की आपल्याच हाताने आपण लेकाला कारण पुरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता कुठल्या तोंडाने म्हणायचं की मला एकटीला राहता येतं? तिला रामकिसनची फार आठवण आली. तो काही बोलला नसता, नुसता जवळ बसला असता.

पण रडून झाल्यावर बाईने डोळे पुसले आणि हिशेबाला लागली. चूक झाली का? झाली. कुणाकडून झाली? माझ्याकडून. मग ती निस्तरायची कुणी? लेकाने हात जोडले, ते त्याचं त्याने केलं. माझं मी केलं पाहिजे. तिचा सासरा सांगायचा, नकळत कुणाचं खाल्लं तर त्याच्या वावरातली एक पात, एक ओळ तरी, निंदून द्यावी, तोंडाने माफी मागत बसू नये.

सकाळी सगळं मैदान झोपेत असताना ती उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि गोठ्यामागे गेली. तिथे हेडविगचा भाजीचा तुकडा होता, येता-जाता तिने हेरून ठेवलेला. वालासारख्या शेंगांच्या ओळी, बटाटे, कोबी, आणि गवत माजलेलं. खुरपं नव्हतं. बाई उकिडवी बसली आणि हातानेच ओळ धरली. शेंगा तिने ओळखल्या, म्हणून त्याच ओळीला हात लावला. इतर ओळींत काय ठेवायचं आणि काय उपटायचं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि पुन्हा गाईंच्या मक्यासारखं व्हायला नको होतं.

अर्धी ओळ झाली तेव्हा रबरी बूट दिसले. हेडविग हातात दुधाची बादली घेऊन उभी होती. बाईने वर पाहिलं. कालच्या मक्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग ओळीकडे. आणि पुन्हा निंदायला लागली. हेडविग आत गेली. परत आली ती दोन छोटी खुरपी घेऊन. एक तिने बाईपुढे ठेवलं आणि गुडघे धरत, कण्हत, शेजारच्या ओळीला बसली.

कधी एक पुढे, कधी दुसरी. हेडविगने ओळीतलं एक रोप बाई उपटणार तेवढ्यात तिचा हात धरला आणि त्याचं पान बोटांनी चुरडून तिच्या नाकाशी नेलं, काहीतरी वासाची भाजी होती. बाई म्हणाली, "बरं बरं, ऱ्हाऊ द्या." ओळ संपली तेव्हा बाईने हाताने भाकरी थापल्याची खूण केली, तंबूकडे बोट केलं आणि तोंडाशी घास नेला. हेडविगला कळलं.

साहेबराव उठून आईला शोधत होता. आई सापडली ती हात मातीने भरलेले आणि शेजारी कालची रागावलेली मालकीण.

"माय, आता काय केलंस?"

"जेवायला बोलिवलं तिला. संध्याकाळी. उमा, कांदा हाय का गं?"

संध्याकाळी हेडविग बूट काढून, स्वच्छ सदरा घालून, दह्यासारख्या चक्क्याचं भांडं घेऊन आली. बाईने तिला चटईवर बसवलं, गरम भाकरी, ठेचा, कांदा, आणि वर तो चक्का वाढला. ठेच्याने हेडविगच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती खोकली, पाणी प्यायली, आणि पुन्हा ठेच्याला बोट लावलं. बाईला ती तिथेच आवडली. मग हात पुसत बाई लेकाला म्हणाली, "इचार तिला, मालक जाऊन किती साल झाले?"

साहेबरावाने विचारलं. "नऊ वर्षं झाली, म्हणतात."

"पोरं?"

"एक मुलगा. लांब, मोठ्या शहरात असतो."

"त्यो काय म्हनतो?"

साहेबराव जरा घुटमळला, पण विचारलं. हेडविग हातवारे करत बरंच बोलली, मध्येच हसली, टेकडीकडे हात केला. तो म्हणाला, "काही नाही. येतो म्हणतात नाताळला."

"येवढा घडीभर बोलली अन् येवढंच? जसं बोलली तसं सांग. बराबर."

उमालाही ती भाषा येत होती. ती ताटाकडे बघत हळूच म्हणाली, "सांगा ना."

"मुलगा म्हणतो..." साहेबरावाचा आवाज खाली गेला. "मुलगा म्हणतो, सगळं विकून टाक. माझ्या शेजारी घर बघितलंय. लिफ्ट आहे."

घरोघरी मातीच्या चुली. बाईने हेडविगच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग ही काय म्हनली त्येला?"

हेडविग एकदा साहेबरावाकडे, एकदा बाईकडे बघत होती. शेवटी साहेबराव जमिनीकडे बघत, हेडविगचे शब्द जसेच्या तसे सांगायला लागला. "मी इथंच राहणार. काळजी तुला वाटते, ती तुझी आहे, ती तू सांभाळ. माझं घर मी सांभाळते."

"पुन्हा सांग. पैलंच."

"मी इथंच राहणार."

"हां," गोजरबाई म्हणाली. "म्या बी कवाची तेच सांगून राह्यले, लेका. माझी मराठी तुला कळंना, हिची जर्मन बराबर कळली."

साहेबरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगला चाळिशीला टेकलेला माणूस, पण आलं ते आलं. "माय, तू रात्रभर पडून होतीस. मला दुसऱ्या दिवशी कळलं. रात्री फोन वाजला की मला वाटतं, संपलं. मी काय करू ते सांग."

ती रात्र बाईला आठवत होती, तिची तिलाही भीती वाटत होती, फक्त बोलली नव्हती. तिने लेकाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "इचार तिला. ती पडली तं काय करती?"

हेडविगने विचारलेलं ऐकलं, विजार वर करून पायावरचा लांब व्रण दाखवला आणि उठली. सगळ्यांना घेऊन गोठ्याच्या दारात गेली. तिथे आढ्याला एक जुनी घंटा टांगली होती आणि तिची दोरी अगदी जमिनीपर्यंत सोडलेली होती. पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी. रोज उठल्यावर ती एक टोला देते. टेकडीपलीकडचा शेजारी ऐकतो. टोला आला नाही तर तो बघायला येतो. तिने एक टोला दिला. थोड्या वेळाने पलीकडून कुठून तरी मोटारीचा भोंगा वाजला. अवेळी का वाजवलीस, असं विचारत असावा.

गोजरबाईने ती दोरी हातात धरून पाहिली. मग लेकाकडे बघितलं. तो कारखान्यातला माणूस, घंटेकडे बघत तो मनात लोखंड मोजायला लागला होता हे तिने ओळखलं. तिने दोरी हळूच जागेवर सोडली. कधी बोलू नये हेही तिला कळायचं.

दिवाळीच्या आधी साहेबराव तिला पोचवायला स्वतः आला. येताना जालन्याच्या जुन्या कारखान्यातून त्याने रुळाचा हातभर तुकडा आणला, शाळेत घंटेला असतो तसा. चिंचेच्या फांदीला तो टांगला, त्यावर आपटेल असा एक लोखंडी दांडा अडकवला आणि तो गोठ्याच्या दारातून, विहिरीवरून, घरातून ओढता येईल अशा तीन दोऱ्या बसवल्या. शेवाळ खरवडून विहिरीच्या काठाला खडबडीत फरशी घातली. कडूबाला बसवून सगळं समजावलं. "काका, सकाळी टोला आला न्हाई तं पळत यायचं."

"अरे, टोला आला तरी येईन," कडूबा म्हणाला, "वहिनीचा चहा सोडतो का म्या?"

निघताना साहेबराव आईच्या पाया पडला. "जा माय," असं तो म्हणाला नाही, कारण माय तर घरीच होती, जायचं त्याला होतं. तो म्हणाला, "राहा माय." गोजरबाईने तोंडाला पदर लावला. जे ऐकायला ती एवढ्या लांब जाऊन आली ते ऐकल्यावर तिला भरून आलं.

त्यानंतर टेंभुर्णीच्या त्या शिवारात रोज उजाडताना रुळाचा टोला पडायचा. लोक त्यावर घड्याळं लावू लागले. पुढच्या सुट्टीत साहेबराव सगळ्यांना घेऊन हुरड्याच्या दिवसांत आला, आणि बरोबर तंबू आणला. चिंचेखाली तो उभा राहिला तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. बाईने पाव्हण्यांना हुरडा दिला, दही, गूळ, चटणी दिली, आणि जेवणं झाल्यावर नळाकडे बोट केलं. "हितं ज्याचं ताट त्यानं धुवायचं. जर्मनीचा कायदा हाय." कडूबाने जन्मात पहिल्यांदा ताट धुतलं आणि आठ दिवस सगळ्या गावाला सांगत फिरला.

शेवटच्या दिवशी तारा कडूबाच्या वावरात शिरली, कणीस मोडलं आणि तिथेच बांधावर बसून खाऊ लागली. "खा बाळा, आनखी घे," कडूबा ओरडला. गाडी भरताना साहेबराव हळूच चार कणसं पिशवीत घालत होता. तिकडे गेल्यावर वास तरी येईल म्हणून.

गोजरबाईने पाहिलं. तिने पिशवीत हात घालून कणसं काढली आणि बांधावर ठेवली.

"माय, चारच आहेत."

"चार असू दे न्हाई तं एक," ती म्हणाली, आणि तिने लेकाच्या गालावरून हात फिरवला. "बांधावर बसून पाहिजे तेवढं खायचं. वटीत बांधून न्यायचं न्हाई. कनसाचं बी तसंच, मायचं बी तसंच. आठवन आली की यायचं."

तो बांधावर बसला. गाडीचा ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला, पण चारही कणसं खाऊन झाल्याशिवाय साहेबराव उठला नाही.